काकांच्या गाडीतली जागा

ॲप बंद होणार असल्याचा मेसेज आला तेव्हा मी रावेतच्या पुलावर अडकले होते. पुढे काँक्रीटचा मिक्सर, मागे कंटेनर, आणि मी एका अनोळखी मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर. मेसेज इंग्रजीत होता. आमच्यासोबतचा प्रवास त्यांना किती आनंदाचा वाटला, आम्ही सगळे मिळून एक कुटुंब कसे झालो, वगैरे सगळं झाल्यावर तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की महिनाअखेरीपासून सेवा बंद. ज्यांना आपण जन्मात पाहिलं नाही ते लोक आपल्याला कुटुंब म्हणायला लागले की समजावं, आता हे घराबाहेर काढणार. मी फोन पर्समध्ये टाकला आणि लगेच परत काढला, कारण काकांची राईड अजूनही त्यावर दिसत नव्हती.

काका म्हणजे माझे कोणी नव्हेत. पुढे एका घरात ‘तुम्ही यांच्या कोण?’ असं मला विचारलं गेलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आमची कंपनी म्हाळुंग्याला. गाड्यांच्या सीटच्या आतले लोखंडी सांगाडे तिथे बनतात. मी पर्चेसमध्ये. राहते पुनावळ्याला. पूर्वी स्टाफला बस होती. मग नवीन प्लँट हेड आले आणि त्यांच्या डोळ्यांत ती बस खुपायला लागली. कामगारांच्या बसला हात लावायची छाती नव्हती, तिथे युनियन होती. मग आमची गेली. ‘कार-पूलिंग करा, पर्यावरणाला हातभार लागेल,’ असा मेल आला. ज्यांनी तो पाठवला त्यांना न्यायला कंपनीची गाडी रोज दारात जात होती.

स्कूटरवर मी काही दिवस गेले. तळवड्याच्या पुढे एका ट्रेलरने मला असं काही रस्त्याच्या कडेला दाबलं की स्कूटर पुन्हा काढायची नाही असं मी ठरवलं. त्या दिवशी कँटीनमधल्या एका मुलीने मला ते ॲप टाकून दिलं. आपल्या रस्त्याने जाणारी कुणाची तरी गाडी असते, तिच्यात रिकामी जागा असते, आपण ती मागायची. दुसऱ्या दिवशी पुनावळ्याच्या अंडरपासपाशी एक लांबलचक पांढरी गाडी येऊन थांबली. काच खाली झाली आणि आतून आवाज आला, “चाकनच्या ताई तुमीच का? बसा. फुडं न्हाई, मागं बसा ऐसपैस.”

काका ताथवड्याचे. तिथल्या जुन्या शेतकरी घराण्यातले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, डोक्यावर टोपी. जमिनी गेल्या, त्यांच्यावर टॉवर झाले, घरात पैसा आला. चाकणला त्यांचं एक गोडाऊन होतं, कुठल्याशा कंपनीला भाड्याने दिलेलं. त्यावर नजर टाकायला म्हणून ते रोज जायचे. भाड्याने दिलेल्या गोडाऊनवर रोज काय नजर टाकायची असते, हे आम्ही कधी विचारलं नाही. त्यांनीच एकदा आपण होऊन सांगितलं. “जमीन गेली, तिच्यासंगं काम बी गेलं. पोरं म्हनत्यात, दादा, आता निस्तं बसा. किती बसू वो ताई? बसून बसून मानूस येडा हुतो.” तर त्यांना एकट्याने गाडीत जायचा कंटाळा यायचा. कुणाच्या तरी पुतण्याने त्यांच्या फोनमध्ये ते ॲप घालून दिलं होतं. काका त्यात बाकी काही करू शकत नव्हते, पण राईड टाकायला, म्हणजे गाडी निघतेय आणि जागा आहे असं कळवायला, मात्र शिकले होते.

निगडीला भक्ती-शक्ती चौकात भाई चढायचे. चाकणला तळेगाव चौकाजवळ त्यांचं सीटकव्हरचं दुकान. मणक्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांची दुचाकी बंद केली होती. भाई अतिशय हळू बोलायचे आणि काका अतिशय मोठ्याने, त्यामुळे दोघांचं छान जमायचं. “मॅडमच्या कंपनीचा सांगाडा, माझं कव्हर, आणि वर बसणार काका,” असं भाई म्हणायचे आणि काका दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. जाताना आम्ही तिघं आणि परत येताना आम्ही तिघं. अधूनमधून चौथा कुणीतरी असायचा, पण तो बिचारा कानात बोंडं घालून बसायचा.

त्या गाडीत आम्ही काय बोलायचो? सगळं. भाईंच्या मुलीची दहावी, माझ्या सासूबाईंचे गुडघे, काकांचा खोंड. काकांना बैलगाडा शर्यतींचा नाद होता. त्यांचा एक खोंड चाकणकडच्या एका मित्राच्या गोठ्यात होता आणि तो एका शर्यतीत घाट, म्हणजे शर्यतीची धावपट्टी, सोडून शेजारच्या लग्नाच्या मांडवात घुसला होता. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली की त्या लग्नाला मीच गेले होते असं मला वाटायचं. घरी माझं बोलणं म्हणजे भाजी काय आणू आणि गॅस संपला. नवरा घरून काम करतो. म्हणजे सकाळी कानावर हेडफोन चढवतो आणि झोपताना उतरवतो. मुलगी बाहेरगावी शिकते, तिचा फोन आला तर पैसे पाठव म्हणून. दिवसभरात कुणीतरी ‘काल काय झालं मग पुढं?’ असं विचारणारी जागा माझ्यासाठी ती एकच होती, आणि ती तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये उभी असायची. लोक त्या चौकाला शिव्या घालतात. मी मनातल्या मनात त्याला हात जोडायचे.

आता, इतकी वर्षं रोज एका गाडीत बसणाऱ्या माणसांकडे एकमेकांचे फोन नंबर नव्हते, असं सांगितलं तर आमच्या ऑफिसातली पोरं हसतात. पण नव्हते. ॲपवर नाव म्हणून नुसतं ‘दादा’ लिहिलेलं, कारण पुतण्याने तेवढंच टाकलं होतं. बाईमाणसाचा नंबर आपण मागायचा नसतो, ही काकांची आणि भाईंची रीत. बाईने आपण होऊन परपुरुषाला नंबर द्यायचा नसतो, ही माझी. काका आणि भाई यांनी तरी आपसात घ्यावा, तर काकांना वाटायचं दुकानदार माणूस आहे, नंबर घेतला तर म्हणेल फुकट कव्हर मागतील, आणि भाईंना वाटायचं मोठ्या घरचा माणूस आहे, सलगी केल्यासारखं दिसेल. एकदा भाईंनी दुकानाचा नंबर ॲपच्या चॅटमध्ये टाकला होता. ॲपने आकड्यांच्या जागी फुल्या उमटवल्या. आमच्या सुरक्षेसाठी. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. ॲप होतं ना.

आणि पैशांचंही तसंच. पैसे ॲप परस्पर कापून घ्यायचं आणि परस्पर काकांच्या खात्यात टाकायचं. कुणाच्या हातातून कुणाच्या हातात काही जायचं नाही. त्यामुळे काका कधी ड्रायव्हर झाले नाहीत आणि आम्ही कधी उपकाराखाली आलो नाही. मधे ते ॲप होतं म्हणून आमची सगळ्यांची अब्रू जागच्या जागी होती. एकदा निगडीच्या सिग्नलला शेजारी एक जीप येऊन थांबली. काकांनी घाईघाईने काच वर केली. “पावनं हायेत आमचं,” ते म्हणाले. “बघितलं तर गावभर करतील, जमीन इकली आन् म्हातारा डायव्हर झाला.” आम्ही हसलो. काकाही हसले.

दिवाळी झाल्यावर काकांना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. एका संध्याकाळी परत येताना त्यांनी गाडी चालवता चालवताच सांगितलं, “डॉक्टर म्हनला, तुमच्या छातीत तळवड्याचा चौक झालाय. बायपास काढावा लागंल.” भाईंनी विचारलं, कधी? तर म्हणाले, परवा दाखल व्हायचंय. कुठल्या दवाखान्यात ते मी विचारणार होते. तेवढ्यात मागून कुणीतरी हॉर्न मारला, काकांनी त्याला खिडकीतून दोन शब्द ऐकवले आणि ते राहून गेलं. मला उतरवताना ते म्हणाले, “महिना-दीड महिना जाईल ताई. बरं वाटलं की टाकतोच राईड. तुमी आपलं ॲपवर बघत ऱ्हावा.”

मी बघत राहिले. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत ॲप उघडायचं, ताथवडे ते चाकण असं टाकायचं आणि येणाऱ्या नावांमध्ये ‘दादा’ आहे का ते पाहायचं. मधे चॅटमध्ये लिहिलंही, ‘काका, तब्येत कशी आहे?’ त्यावर एकच टिक आली आणि तशीच राहिली. त्यात हा मेसेज येऊन पडला की महिनाअखेरीस दुकान बंद. नवऱ्याला सांगितलं. त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि म्हणाला, “मग दुसरं डाउनलोड कर ना.” एक भाजीवाला आला नाही तर दुसऱ्याकडून घ्यावी तसं.

मी त्या कंपनीला मेल लिहिला. इंग्रजीत, नीट, पर्चेसमध्ये पुरवठादाराला लिहिते तसा. एका सहप्रवाशाचं मोठं ऑपरेशन झालं आहे, त्यांच्याशी संपर्क व्हायला हवा, त्यांचा नंबर देता येत नसेल तर निदान माझा त्यांना कळवा. उत्तर यंत्राने दिलं. ग्राहकांच्या खाजगीपणाला ते सर्वोच्च महत्त्व देतात म्हणे. तुमचा विश्वास हीच आमची ठेव, असंही होतं. गरज सरो, वैद्य मरो. पण हे निदान वैद्याचा पत्ता तरी लपवणार नाहीत असं वाटलं होतं.

शेवटच्या दिवशी मी दिवसभर ते उघडून बघत होते. संध्याकाळी कधीतरी नकाशा गेला आणि पांढऱ्या पडद्यावर एक हिरवं पान आलं. माझ्या प्रवासांमुळे किती धूर हवेत गेला नाही आणि ते किती झाडं लावल्यासारखं आहे, याचा हिशोब त्यांनी मला दिला. वर लिहिलं होतं, ‘तुम्ही जग बदललंत.’ काका जगले की नाही एवढं सोडून त्या कंपनीने मला सगळं कळवलं. मी तो फोन आपटायचा तेवढा बाकी ठेवला.

त्यानंतर सगळे करतात ते सगळं मी केलं. सोसायटीतल्या एकीने मला कार-पूलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं. तिथे नंबर सगळ्यांना दिसतो. एका गृहस्थाने पहिल्याच दिवशी मला एकटीला गुलाबाचं चित्र पाठवलं, खाली ‘हाय डिअर’. कानाला खडा लावला. मग निगडीपर्यंत रिक्षा आणि तिथून चाकणची सिटी बस. बसमध्ये बसायला मिळालं तर मिळालं. बसमधल्या बाया चांगल्या होत्या, सरकून जागाही द्यायच्या, पण त्यांच्या त्यांच्यात गोष्टी चालू असायच्या आणि त्या कुठून सुरू झाल्या ते मला माहीत नसायचं. मी खिडकीतून येणाऱ्या जाणाऱ्या पांढऱ्या गाड्या बघायचे. आपल्याकडे रस्त्यावर पांढऱ्या गाड्या किती आहेत हे ज्याला जाणून घ्यायचंय त्याने एक माणूस हरवून बघावा.

एका शनिवारी अर्धा दिवस होता. मी म्हाळुंग्याहून घरची बस न धरता उलटी चाकणला गेले आणि भाईंचं दुकान शोधून काढलं. अवघड नव्हतं. दुकानदाराला निदान पाटी असते. भाई एका गाडीच्या सीटवर रेक्झिन ताणत होते. मला बघून ते ताडकन उभे राहिले आणि पहिला प्रश्न त्यांनी तोच केला जो माझ्या तोंडात होता.

“काकांचं काही कळलं का, मॅडम?”

“मला वाटलं तुम्हाला कळलं असेल.”

“नाही हो.” त्यांनी स्टूल पुसून मला दिलं. “बंद झालंय हे माहीत असून मी रोज उघडून बघतो. सवय झालीय.”

चहा आला. आम्ही त्या चहावर ठरवलं की ताथवड्याला जाऊन चौकशी करायची. भाई थोडा वेळ रेक्झिनच्या कडेचा धागा ओढत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, तुम्ही जाल का? माझी यायची खूप इच्छा आहे. पण गावठाणात दारोदार मी विचारत फिरलो तर काकांच्या आधी माझीच चौकशी होईल. दिवस तसे आहेत. तुम्हाला बाईमाणूस म्हणून कोणी काही म्हणणार नाही.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस असेल तर छत्री घेऊन जा म्हणावं तसं ते बोलले, आणि मला त्याचंच वाईट वाटलं. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा एकमेकांना नंबर दिले. इतकं सोपं होतं ते.

रविवारी मी ताथवड्याला गेले. गावठाणात देवळापाशी चार-पाच जण बाकावर बसले होते. मी म्हणाले, मला एक काका शोधायचेत. पांढरी गाडी आहे त्यांच्याकडे.

“हितं समद्यांचीच पांढरी हाय,” एक जण म्हणाला. “आडनाव काय?”

मी म्हणाले, माहीत नाही.

“माहीत असतं तरी उपेग नव्हता. आडनाव बी समद्यांचं येकच हाय.” बाकीचे हसले. “नाव?”

तेही माहीत नव्हतं. त्यांचा बायपास झालाय असं मी सांगितलं, तर बायपास गावात बऱ्याच जणांचा झालेला निघाला. ते एकमेकांत मोजायला लागले. माझा चेहरा तापला होता. ज्या माणसासाठी मी रविवारची कामं टाकून आले त्याचं नाव मला सांगता येत नव्हतं, आणि हे लोक मला काय समजत असतील ते मला त्यांच्या बघण्यातून कळत होतं. मग मला खोंड आठवला. म्हणाले, त्यांचा एक खोंड घाट सोडून लग्नाच्या मांडवात घुसला होता.

“आरं तिच्या! मग आदी आसं सांगायचं की!” सगळ्यांचे चेहरे उजळले. “दादा! खालच्या आळीचे. ते काय, तिकडं, तीन मजली बंगला.”

“बरे आहेत का ते?”

“हायेत की. कालच देवळापतुर चालत आलते.”

मला तिथेच बाकावर बसावंसं वाटलं. जिवंत होते. चालत होते. आत्ता विचार करते तेव्हा वाटतं, तिथूनच मागे फिरायला हवं होतं. जे हवं होतं ते मिळालं होतं. पण माणसाचा जीव भरला की त्याला दारापर्यंत जावंसं वाटतं. मी कोपऱ्यावरून डझनभर मोसंबी घेतली आणि गेले.

बंगल्याच्या दारात चपलांचा ढीग होता. मी वास्तविक तेव्हाच ओळखायला हवं होतं. अंगणात कव्हर घालून गाडी उभी होती. दारात एक पांढऱ्या कपड्यातला पंचेचाळिशीचा माणूस आला, काकांचंच नाक, त्यांचा मुलगाच असणार. अगदी अदबीने म्हणाला, “या ना ताई. कोण आपण?”

“मी दादांना भेटायला आलेय. तब्येतीची चौकशी करायला.”

त्याने मला आत नेलं. हॉलमध्ये दहा-बारा माणसं बसली होती. पोह्यांच्या बशा, सुपारीचं तबक, एका बाजूला पदर सावरून बसलेल्या बायका. नातीच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलाकडची मंडळी आली होती. आणि दिवाणावर लोडाला टेकून काका बसले होते. अर्धे झाले होते. शर्टाच्या गळ्यातून छातीवरची शिवण दिसत होती. त्यांनी मला बघितलं आणि त्यांचे डोळे हलले. ओळखीचं माणूस दिसलं की हलतात तसे. कुणी मला काहीही सांगितलं तरी ते मी पाहिलेलं आहे.

मला भान राहिलं नाही. मी म्हणाले, “काका! अहो, किती शोधलं तुम्हाला! ॲप बंद पडलं आणि काही कळायलाच मार्ग नव्हता.”

काकांच्या मुलाने विचारलं, “कसलं ॲप?”

“ते कार-पूलचं. मी रोज यांच्या गाडीत असायचे ना, चाकणला जायला. मी आणि दुकानवाले भाई.”

हॉलमध्ये चमचे थांबले. पाहुण्यांमधले एक टोपीवाले गृहस्थ, बहुतेक नवऱ्या मुलाचे आजोबा, पुढे झुकले. “म्हंजी,” ते म्हणाले, “भाड्यानं?” त्यांनी हसतच विचारलं. पण ते हसणं कसलं होतं ते आम्हा सगळ्यांना कळलं.

काकांच्या मुलाचा चेहरा उतरला. “छे छे. आमच्या दादांच्या गाडीत पॅसेंजर? काय बोलताय ताई. तुम्ही यांच्या कोण?”

मी काकांकडे बघितलं. ते सांगतील असं मला वाटलं. ते मोठ्या आवाजाचे, हजरजबाबी. ते काहीतरी सांगतील, लोक हसतील आणि मला बसायला खुर्ची मिळेल. काकांनी लोडावरची खोळ नीट केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “न्हाई वो, ताई. तुमची कायतरी गल्लत झालीया. त्यो मी न्हवं. दुसरं कोनतरी आसंल.”

आवाज हळू होता. इतक्या वर्षांत त्यांना इतकं हळू बोलताना मी ऐकलं नव्हतं.

मी म्हणाले, “हो. असेल. चुकलं माझं.”

त्यानंतर त्या घराने मला तसं सोडलं नाही. दारात आलेल्या बाईला तसं पाठवत नाहीत. मला बसवलं, चहा दिला, पोहे खायचा आग्रह केला. टोपीवाले आजोबा परत मानपानावर बोलायला लागले. मी काकांच्या समोर बसून तो चहा प्यायले आणि काका खिडकीतून बाहेर बघत होते. निघताना सुनेने मला कुंकू लावलं. मोसंबी तिने परत माझ्या हातात दिली. “ज्यांच्यासाठी आणलीत त्यांना द्या,” ती म्हणाली, आणि तिच्या मनात काही नव्हतं. चांगल्या मनाने म्हणाली ती.

बाहेर आल्यावर मला रडू आलं नाही, संताप आला. हात दाखवून अवलक्षण. कोण होते मी? कशाला गेले? मला त्यांची अडचण कळत नव्हती असं नाही. नातीची सोयरीक, समोर व्याही, आणि एक परकी बाई येऊन सांगते की तुमचा म्हातारा पैसे घेऊन लोकांना गाडीत बसवत होता. त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं. सगळं कळत होतं. तरी अंडरपासपर्यंत चालत येताना माझ्या डोक्यात एकच होतं, की त्यांनी एकदा बघायला हवं होतं माझ्याकडे. तोंडाने नाही म्हणावं, खुशाल म्हणावं, पण डोळ्यांनी एकदा बघावं. तेवढ्याने कुणाची सोयरीक मोडत नव्हती.

त्या ॲपवाल्यांवरही मी तेव्हा मनसोक्त जळफळले. ते चालू असतं तर काका बरे झाले असते, त्यांनी राईड टाकली असती, मी अंडरपासपाशी उभी राहिले असते आणि आम्ही दोघांनी एकमेकांना जन्मभर ओळखलं असतं. आता ते जिवंत आहेत आणि माझ्या घरापासून एका रिक्षेच्या अंतरावर आहेत, आणि मी त्या दारात परत जाऊ शकत नाही. मेले असते तर निदान सांत्वनाला तरी जाता आलं असतं. असं मनात आलं, आणि आलं ते खरंच आलं, म्हणून लिहिते.

मी घरी पोचायच्या आत भाईंचा फोन आला. दुकान उघडंच होतं, मागे कुणीतरी हातोडा मारत होतं.

“भेटले का मॅडम?”

“भेटले,” मी म्हणाले. “बरे आहेत. चालतात, फिरतात.”

“या अल्ला, शुक्र आहे.” मग त्यांनी हळूच विचारलं, “माझं विचारलं का हो?”

“पहिलं तुमचंच विचारलं.”

 मागचा हातोड्याचा आवाज थांबला, बहुतेक त्यांनीच हाताने थांबवला असेल. मग म्हणाले, “मॅडम, मग तेवढा पत्ता पाठवून ठेवा. आता मला चौकशी करत फिरायला नको. शुक्रवारी दुकान बंद असतं, मी जाऊन येतो. काकांच्या गाडीचं मागचं कव्हर उसवलं होतं, तेही करून देईन.”

मी म्हणाले, पाठवते. त्याला बरेच शुक्रवार झाले. पत्ता मी पाठवलेला नाही, आणि भाईंनी पुन्हा विचारलेलं नाही.